पापनिवेदनासाठी शिकलेली भाषा

प्रश्न : मुलीकडे फिलाडेल्फियाला गेले होते. तिथल्या सेंट पीटर चर्चमध्ये वेदीखाली काचेच्या पेटीत एका बिशपांचा देह ठेवलेला पाहिला. संत जॉन न्यूमन. जावई म्हणाले, ‘यांनी इथं खूप कॅथलिक शाळा काढल्या.’ शाळा तर पुष्कळांनी काढल्या, मग संतपद कशासाठी?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, जावईबापूंचं म्हणणं खरंच आहे. पण मला न्यूमन म्हटलं की शाळांच्या आधी आयरिश भाषा आठवते.

बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) प्राखातित्से गावचा हा मुलगा. तिकडे धर्मगुरू गरजेपेक्षा जास्त झाले म्हणून त्याची गुरुदीक्षा लांबली. १८३६ साली अंगावरचे कपडे आणि खिशात एक डॉलर एवढ्यावर तो न्यूयॉर्कला उतरला. तिथले बिशप दुबुआ स्वतः फ्रान्समधून परागंदा होऊन आलेले. त्यांनी २५ जूनला त्याला दीक्षा दिली आणि नायगाराकडे रान तोडून शेती करणाऱ्या जर्मन लोकांत पाठवलं. पुढे तो रेडेम्प्टोरिस्ट या व्रतस्थ धर्मगुरूंच्या संघात गेला.

१८५२ मध्ये ते फिलाडेल्फियाचे बिशप झाले. आठच वर्षांपूर्वी त्या शहरात स्थलांतरितांविरुद्ध दंगली होऊन दोन कॅथलिक चर्च जाळली गेली होती. सरकारी शाळांत प्रोटेस्टंट बायबल वाचलं जाई, म्हणून वेगळ्या कॅथलिक शाळांचा त्यांना ध्यास. त्यातच आयर्लंडमधल्या दुष्काळानं उपाशी माणसांची रीघ लागलेली. त्यांतल्या कित्येकांना इंग्रजी येत नव्हतं. जर्मन, इटालियन, फ्रेंच अशा भाषा बिशपांना येत होत्याच. तरी चाळिशी ओलांडलेला हा माणूस आयरिश शिकायला बसला. कशासाठी? त्या लोकांचं पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढं दिलेली पापांची कबुली, ऐकता यावं म्हणून.

याचं मोल मला ठाऊक आहे. नवखा धर्मगुरू असताना मला वारली पाड्यांवर पाठवलं होतं. एक म्हातारी माझ्यापुढं गुडघे टेकून रडत बोलत होती आणि मला तिचे चार-पाचच शब्द कळत होते. मी पापक्षमा दिली. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. माणूस व्यवहार परक्या भाषेत निभावून नेतो, हुंदका मात्र आईच्याच भाषेत येतो.

इटालियनांसाठीही न्यूमननी जुनं प्रार्थनाघर विकत घेऊन त्यांचा स्वतंत्र धर्मग्राम (पॅरिश) केला. अमेरिकेतला तो पहिला इटालियन धर्मग्राम मानतात. शहरातल्या बड्या लोकांना मात्र हा ठेंगणा, परक्या उच्चारांचा बिशप शोभेसा वाटत नसे. न्यूमननी स्वतःच रोमला कळवलं होतं की धर्मप्रांताची (बिशपांच्या कारभाराखालच्या प्रदेशाची) वाटणी करा आणि मला पॉट्सव्हिलला, खाणींच्या मुलखात पाठवा. ते मान्य झालं नाही.

५ जानेवारी १८६० रोजी कामासाठी बाहेर पडलेले न्यूमन रस्त्यातच कोसळले. लोकांनी जवळच्या घरात नेलं. मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन धर्मगुरू पोहोचेपर्यंत प्राण गेला होता. वय ४८. संतपद मिळालं ते १९७७ साली.

पुन्हा गेलात तर त्या पेटीपुढं एक मेणबत्ती लावा, माझ्या त्या म्हातारीच्या नावानं.