वाचक विचारतात : सात किलोचा बोल्ट, वीस किलोचा हात

प्रश्न : 100 सीसीची बाइक आणि छोटी पेट्रोल कार, दोन्हींचं ऑइल, प्लग, ब्रेक पॅड मी घरीच बदलतो. मेस्त्री म्हणतो, 'हाताला अंदाज असतो, टॉर्क पाना कशाला?' दुकानदार मात्र तीन हजारांचा अर्धा इंची पाना गळ्यात मारायला बघतोय. खरंच लागतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टॉर्क म्हणजे बोल्ट फिरवण्याचा जोर; तो ठरल्या आकड्याला पोचला की टॉर्क पाना 'कट्' आवाज करून सांगतो. मेस्त्रीचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं आहे. रोज दहा-पंधरा ड्रेन बोल्ट (इंजिनातलं जुनं तेल सोडायचे बोल्ट) आवळणाऱ्या हाताला अंदाज येतो. वर्षातून दोनदा पाना धरणाऱ्या हाताला तो कुठून येणार? आणि गंमत अशी की घरच्या कामात वाट लागते ती मोठ्या नटांची नाही, लहान बोल्टांची.

बाइकच्या साइड कव्हरचा, 10 नंबरचा पाना बसणारा बोल्ट घ्या. त्याचे आटे 6 मिमीचे आणि टॉर्क साधारण 10 न्यूटन-मीटर (एनएम). 14 सेंमी लांबीच्या रिंग पान्याला टोकाशी सात किलोची ओढ दिली की तेवढा टॉर्क होतो. आपला हात मात्र न कुंथता वीस किलो ओढतो, म्हणजे 27 एनएम, जवळजवळ पावणेतीन पट. बोल्ट पोलादी, इंजिनाची केस ॲल्युमिनियमची. मग एक तर केसमधले आटे सोलून निघतात, नाही तर बोल्टचं डोकं पान्यात येतं आणि दांडा आत राहतो. आवळताना जडपणा वाढत वाढत गेला आणि मग अचानक पाना लोण्यातून फिरल्यासारखा हलका झाला, तर तिथेच थांबा. 'अजून थोडा आवळून बघू' हा विचार त्या क्षणी सर्वांत महागात पडतो.

ड्रेन बोल्टचीही तीच कथा. छोट्या बाइकवर तो बहुधा 12 मिमी आट्यांचा, टॉर्क 20 ते 30 एनएमच्या दरम्यान. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. तेल थांबवण्याचं काम वॉशरचं असतं, जोराचं नाही. एकदा चेपलेला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर पुन्हा नीट बसत नाही, तेल पाझरतं, मग माणूस बोल्ट आणखी आवळतो. असं तीन-चार सर्व्हिसिंगला झालं की आटे संपले. वॉशर दर वेळी नवा घाला.

प्लगला टॉर्क पाना नसला तरी भागतं. इंजिन थंड असताना प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचा. वॉशर असलेला नवा प्लग त्यापुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, जुनाच परत बसवत असाल तर जेमतेम फेऱ्याचा बारावा भाग. पान्यानेच आवळणार असाल तर 10 मिमी आट्यांच्या प्लगला 10 ते 12 एनएम, 12 मिमीला 15 ते 20, 14 मिमीला 25 ते 30. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका.

तेव्हा घ्या, पण दुकानदार दाखवतोय तो नको. पहिला पाना पाव इंची (हे माप सॉकेट बसतो त्या चौकोनी टोकाचं), 5 ते 25 एनएमचा. कव्हरचे बोल्ट, बाइकचे प्लग आणि 25 एनएमपर्यंतचे ड्रेन बोल्ट त्यात येतात. पुढे कॅलिपर ब्रॅकेटचे (ब्रेक पॅड दाबणारा भाग ज्यावर बसतो त्या पट्टीचे) बोल्ट वगैरे काढायला लागलात तर अर्धा इंची घ्या. ब्रेकच्या बोल्टांना अंदाज चालत नाही. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, धरून ठेवणाऱ्या हेड बोल्टला मात्र घरी हात घालू नये. ते अनेक इंजिनांत ठरलेला टॉर्क देऊन वर अंशांत मोजून फिरवायचे असतात आणि बऱ्याचदा एकदाच वापरायचे असतात.

प्रश्न : टॉर्क पाना सध्या घेणं जमणार नाही. दुसरा काही उपाय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा घरात असेल तर उपाय हाताशी आहे. नटाच्या मध्यापासून हुक अडकेल तिथपर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजा. हवा असलेला टॉर्क 9.81 ने भागा, आलेल्या आकड्याला अंतराने भागा, उत्तर किलोत. 20 सेंमीवर हुक आणि 25 एनएम हवे असतील तर 12.7 किलो. चाकाच्या नटाला 100 एनएम आणि 40 सेंमीचा दांडा असेल तर 25.5 किलो. ओढ पान्याशी काटकोनातच हवी, तिरकी गेली की टॉर्क कमी पडतो. आणि झटका न देता सावकाश ओढा. झटक्यात काटा काय दाखवतो याला अर्थ नाही.

मोठ्या नटांसाठी ही युक्ती छान चालते. 6 मिमीच्या बोल्टांसाठी आखूड पाना घ्यावा लागतो, मग हुकाची जागा एक सेंमी जरी चुकली तरी फरक पडतो.

प्रश्न : नवा अर्धा इंची क्लिकचा पाना आणला. ड्रेन बोल्टला मॅन्युअलमध्ये 2.5 लिहिलंय, म्हणून 25 लावले. 'कट्' आवाज आलाच नाही, बोल्ट फिरत राहिला आणि आटे गेले. पाना खराब निघाला का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पाना बहुतेक ठीक असेल. मॅन्युअलमधले 2.5 हे किलोग्रॅम-मीटर, म्हणजे 24.5 एनएम. अशा पान्यांवर दोन मापं कोरलेली असतात आणि 20 ते 150 ही पट्टी फूट-पाउंडाची. तुम्ही बहुधा तिथले 25 लावलेत, म्हणजे 34 एनएम. थोडक्यात, जवळजवळ चाळीस टक्के जास्त.

दुसरं, हा पाना एनएममध्ये 210 पर्यंतचा. अचूकतेची हमी साधारण कमाल मापाच्या वीस टक्क्यांपासून वर असते, इथे 42 पासून. त्याखाली आवाजही इतका दबका येतो की हाताला फक्त बारीक हिसका कळतो, तोही लक्ष असेल तर. तिसरं, आट्यांना तेल लागलं असेल तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, कारण आपण लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो. ते घर्षण थोडं घटलं तरी ताण बराच वाढतो. ड्रेन बोल्ट आणि त्याची बैठक फडक्याने पुसूनच बसवा.

आता मोठ्या मापाचे आटे पाडून बोल्ट बसवण्यापेक्षा हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी, घालून घ्या. मूळ मापाचाच बोल्ट परत बसतो. टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस चोपडायला सांगा म्हणजे बुरादा चिकटून बाहेर येतो. नंतर थोडं स्वस्तातलं तेल ओतून वाहू द्या, मगच चांगलं तेल भरा.

प्रश्न : पंक्चरवाला हवेच्या गनने चाकाचे नट आवळतो. नंतर गाडीतला पाना लावला तर हलतच नाही. शेवटी पान्यावर उभं राहावं लागतं. हे बरोबर का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. छोट्या कारच्या नटांना साधारण 85 ते 110 एनएम लागतात. 70 किलोचा माणूस 30 सेंमीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला की 206 एनएम होतात. तेवढ्यानेही नट सुटत नसेल तर गनने किती मारलाय बघा! स्टड (नट ज्यांवर चढतात ते आट्यांचे दांडे) ताणले जातात, ब्रेक डिस्क किंचित वाकडी बसू शकते आणि मग ब्रेक दाबला की पायाखाली थरथर जाणवते. रात्री, पावसात, कशेडी घाटात स्टेपनी बदलायची वेळ आली म्हणजे तर विचारूच नका.

त्याला सांगा, गनने फक्त टेकव, शेवटचं हाताने. घरी करताना नट आधी बोटांनी चढवा, निमुळती बाजू रिमकडे. चाक हवेत असताना आडवे-तिडवे, म्हणजे समोरासमोरचे, टेकवून घ्या. जॅक उतरवून टायर जमिनीला लागला की त्याच क्रमाने पूर्ण टॉर्क. स्टडला तेल नको. 50 ते 100 किमी चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.

प्रश्न : टॉर्क पान्याने नट सोडवता येतात का? आणि ठेवताना काय काळजी घ्यायची?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : सोडवायला साधा दांडाच वापरा. धरताना मुठीच्या मध्यावर धरा. 'कट्' झालं की थांबा, खात्रीसाठी दुसऱ्यांदा वाजवू नका, प्रत्येक वेळी बोल्ट थोडा पुढे सरकतो. काम झालं की स्प्रिंग सैल करून सर्वांत खालच्या खुणेवर आणा, त्याच्याही खाली नाही. पाना हातातून फरशीवर पडला असेल तर त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवण्याआधी तपासून घ्या.