हेडलाइट आधी विझलेला बनवा

प्रश्न : ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये) गाडीचं बाकी मॉडेल छान जमलंय, पण हेडलाइट म्हणजे नुसते काळे खड्डे. काच आहे, आत चकचकीत रिफ्लेक्टरही आहे. चुकतंय कुठे?

रिफ्लेक्टर म्हणजे आरसा. आरशासमोर अंधार असेल तर तो काळाच दिसणार. सीनला एचडीआरआय, म्हणजे भोवतालचा उजेड देणारा चौफेर फोटो, लावा किंवा गाडीसमोर मोठा एरिया लाइट ठेवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

उरलेला निम्मा काचेत आहे. हल्लीच्या गाड्यांत ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं. अपवर्तनांक साधारण 1.58. बरेच जण एकाच पापुद्र्याला काचेचं मटेरियल देऊन मोकळे होतात. मग सायकल्सच्या, म्हणजे ब्लेंडरमधल्या चित्र रेंडर करणाऱ्या इंजिनच्या, हिशेबात किरण काचेत शिरतो, पण बाहेर पडतच नाही. सगळा दिवा भरीव काचेचा गोळा समजला जातो आणि आतलं चित्र वेडंवाकडं होतं. सॉलिडिफाय मॉडिफायरने 3 मिलिमीटर जाडी द्या, नॉर्मल (पृष्ठभागाची बाहेरची दिशा) उलटे नाहीत ना ते पाहा, आणि मॉडेल खऱ्या मापाचं ठेवा. ग्लॉसी बाउन्स, म्हणजे चकचकीत पृष्ठभागांवरून किरण किती वेळा उसळू द्यायचा तो आकडा, मुळात 4 असतो. रिफ्लेक्टरला अनेक पैलू असतील तर 8 करा.

आणि आतला संसार विसरू नका : बल्बची टोपी, काळी चौकट, प्लास्टिकवरच्या साच्याच्या रेषा. मी भंगारवाल्याकडून एक फुटका हेडलाइट आणून टेबलावर ठेवलाय. घरचे हसतात, पण कुठल्याही ट्युटोरियलपेक्षा त्यानंच मला जास्त शिकवलं. विझलेला दिवा खरा वाटेपर्यंत तो पेटवायच्या फंदात पडू नका.

प्रश्न : बल्बला इमिशन (स्वतः उजळणारं मटेरियल) दिलं. दिवा पांढराफटक होतो, रस्त्यावर मात्र उजेडाऐवजी पांढरे दाणे पडतात.

तुम्ही सायकल्सकडून फारच अवघड काम करून घेताय. इवल्याशा फिलामेंटचा उजेड आरशावर आपटून, काचेतून वाकून रस्त्यावर पोचणं म्हणजे कॉस्टिक्स, आणि पाथ ट्रेसिंगला (किरणांच्या वाटा शोधत चित्र काढायच्या सायकल्सच्या पद्धतीला) ती वाट क्वचितच सापडते. सॅम्पल (दर पिक्सेलमागचे किरण) वाढवून वीजबिल वाढेल, दाणे फारसे हटणार नाहीत. दोन कामं वेगळी करा. दिसणारा दिवा बेताच्या इमिशनने दाखवा. रस्त्यावरचा उजेड काचेच्या पुढ्यात ठेवलेल्या स्पॉट लाइटकडून घ्या. भोवतीचं तेजोवलय रेंडरनंतर कंपोझिटरमध्ये, ग्लेअर नोडने.

स्पॉटचा गोल तसाच ठेवलात तर मात्र टॉर्च वाटेल. डिपरचा झोत वरून सपाट कापलेला असतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ती कापलेली रेघ डाव्या बाजूला साधारण 15 अंशांनी वर चढते : कडेने चालणारा दिसावा, पण समोरच्याचे डोळे दिपू नयेत. जर्मनीतल्या गाडीचा फोटो समोर ठेवून काम केलंत तर हा चढ उजवीकडे जाईल आणि गाडीला एमएच पाटी असूनही चित्र परकं वाटेल. हा आकार काळ्या-पांढऱ्या मास्कने देता येतो. प्रोजेक्टर (पुढे भिंग असलेला) दिवा असेल तर कापलेल्या कडेला किंचित निळी झाक द्या. भिंगातून रंग फुटतात, त्यामुळे ती दिसते. रंगासाठी ब्लॅकबॉडी नोड : हॅलोजनला 3200 केल्विनच्या आसपास, एलईडीला 5500 ते 6000.

प्रश्न : जुनी प्रीमियर पद्मिनी बनवतोय. काचेवरच्या उभ्या रेघांना बम्प मॅप (नुसता उंचसखलपणाचा भास देणारं चित्र) चालेल?

लांबून चालेल, जवळून नाही. त्या गोल दिव्यातला वाडगा साधा पॅराबोला. तो उजेड सरळ समांतर फेकतो. तो उजेड आडवा पसरवणं हे त्या रेघांचं काम. त्या खऱ्या भूमितीत, काचेच्या आतल्या बाजूला काढा आणि बाहेरची बाजू गुळगुळीत ठेवा. इथे काच खरोखरची काच आहे, तेव्हा अपवर्तनांक 1.5 धरा.

प्रश्न : खंडाळ्याच्या धुक्यात दिसतात तसे झोत हवेत.

व्हॉल्यूम स्कॅटरची (उजेड विखुरणाऱ्या धुक्याची) पेटी फक्त गाडीच्या पुढ्यात ठेवा, अख्ख्या सीनवर नको. घनता 0.01 पासून चढवत न्या, अॅनिसोट्रॉपी (उजेड पुढच्या दिशेला किती विखुरतो ते) 0.7. कॅमेरा झोताच्या समोर, थोडा बाजूला असू द्या. धुकं उजेड मुख्यतः पुढेच फेकतं, त्यामुळे गाडीच्या मागून पाहिलंत तर झोत फिकेच दिसतील.