मासळीसाठी क्रेट घेताय? आधी हे बघा

तळोजा एमआयडीसीत कोल्ड स्टोरेजचं काम सुरू करताय, तर क्रेटचा भाव नंतर विचारा. आधी प्लास्टिक कोणतं ते विचारा. उणे १८ अंशांच्या खोलीत एचडीपीई (हाय डेन्सिटी पॉलिथिलीन) चिवट राहतं. साधं पीपी (पॉलिप्रॉपिलीन) शून्याच्या आसपासच ठिसूळ होतं. गोठलेला क्रेट हातातून निसटला की कोपरा तडकतो आणि कपची थेट कोळंबीत जाते. पांढऱ्या मालात पांढरी कपची कुणालाच दिसत नाही, म्हणून निळाच रंग घ्या.

ब्लास्ट फ्रीझरला, म्हणजे जोरदार थंड हवेने माल झटपट गोठवणाऱ्या फ्रीझरला, जाळीदार क्रेट लागतो, कारण थंड हवा मालातून फिरायला हवी. बंद बाजूंच्या क्रेटमध्ये कडेचा माल दगड होतो आणि मधला मऊच राहतो. बंदरावरून बर्फात येणाऱ्या ताज्या मासळीचं वेगळं. तिला बंद बाजूंचा, पण तळाला पाणी निथळायला भोकं असलेला क्रेट द्या. वितळलेल्या पाण्यात पापलेट पडून राहिलं की चमक गेलीच म्हणून समजा.

फूड ग्रेडचा, म्हणजे प्लास्टिक खाण्याच्या मालासाठी चालतं असा, कागद मागाच, शिवाय क्रेट नाकाशी धरा. भंगार मिसळलेल्या मालाला बऱ्याचदा उग्र वास येतो. आतल्या कोपऱ्यांतून बोट फिरवा, खाच लागली तर तिथे खवले अडकणार आणि धुऊनही निघणार नाहीत. थर रचल्यावर वजन काठावर यावं, मासळीवर नाही.

मोठी ऑर्डर देण्याआधी एक नमुना भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी कमरेच्या उंचीवरून लादीवर सोडून बघा.