रात्रीचे चार लार्ज, सकाळची नाकाबंदी आणि लायसन्सची पावती

प्रश्न : मी पुण्यात राहतो. वय ३४, वजन ६८ किलो. शनिवारी मित्राच्या घरी रात्री साडेदहा ते दोनपर्यंत व्हिस्कीचे चार लार्ज घेतले आणि तिथेच झोपलो. सकाळी साडेसातला दुचाकीवरून घरी येताना नाकाबंदीत यंत्रात फुंकायला लावलं, आकडा ४१ आला. पाऊण तास आधी माऊथवॉश वापरला होता. लायसन्स घेऊन पावती दिली, गाडी ठेवून घेतली, रक्त तपासलं नाही. पंधरा दिवसांनी कोर्टाची तारीख आहे. तोवर पावतीवर दुसरी गाडी चालवतो आहे. झोप झाल्यानंतर हा गुन्हा कसा? दोन तासांत रक्त घेतलं नाही म्हणजे केस टिकत नाही, असं मित्र म्हणतात. दंड भरून मोकळं व्हावं का? पुढच्या वर्षी पासपोर्टचं नूतनीकरण आहे.

उत्तर : आधी गाडी चालवणं आजच थांबवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६(४) खाली लायसन्स जप्त होतं तेव्हा मिळणारी पावती ही फक्त पोच असते. लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर वाहन चालवता येत नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे. मोबाइलमधली डिजिटल प्रत दाखवूनही भागत नाही. पुन्हा अडवलं गेलात तर दुसरा गुन्हा अंगावर येईल आणि पहिल्या प्रकरणात दया मागायला तोंड उरणार नाही.

आता झोपेचं. कलम १८५ माणूस झिंगलेला होता का, हे विचारत नाही. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा पूर्ण होतो. दारू कधी घेतली, मध्ये झोप झाली का, गाडी नीट चालवत होतात का, याने गुन्हा पुसला जात नाही. तुमचा हिशेबही आकड्याशी जुळतो. ६० मिलिच्या एका लार्जमध्ये ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीतून साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. चार लार्ज म्हणजे ८० ग्रॅमच्या वर. ६८ किलोच्या पुरुषाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात त्याचे ढोबळमानाने १७५ मिलिग्रॅम होतात. यकृत तासाला १० ते २०, सरासरी १५ मिलिग्रॅम उतरवतं. साडेदहा ते साडेसात हे नऊ तास धरले तर १३५ उतरले, उरले ४०. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. जेवण, शरीराची ठेवण आणि घरी ओतलेल्या पेगचं खरं माप यांनी तो बराच बदलतो. पण तुमच्या यंत्रावरचा ४१ हा अशक्य आकडा नाही, हे आधी मान्य करा. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी तरतरी येते, यकृताचा वेग वाढत नाही. याच हिशेबाने रिकाम्या पोटी घेतलेला एकच लार्जसुद्धा तुमच्या वजनाच्या माणसाला तिशीच्या पार नेऊ शकतो. ‘दोन पेगपर्यंत चालतं’ हे कायद्यात कुठेही नाही.

माऊथवॉशचा मुद्दा सोडून द्या. तोंडात राहिलेलं अल्कोहोल यंत्राला खरंच फसवतं, पण साधारण पंधरा मिनिटांत ते निघून जातं. पाऊण तासानंतर हा बचाव कोर्टात हास्यास्पद ठरेल आणि बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचंही वजन घालवेल.

दोन तासांचा नियम आहे, पण मित्र सांगतात तसा नाही. कलम २०२ प्रमाणे १८५ च्या गुन्ह्यात अटक झाली तर दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. न झाल्यास माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. सोडणं आणि निर्दोष ठरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कलम १८५ मध्ये श्वासचाचणी यंत्राचा उल्लेख आहेच. २०१९ च्या दुरुस्तीने त्यापुढे ‘किंवा प्रयोगशाळेतील चाचणीसह इतर कोणतीही चाचणी’ असे शब्द आले. म्हणून केवळ रक्त घेतलं नाही या एका कारणावर केस कोसळेल असं धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बचूभाई करियानी प्रकरणात दारूचा वास, अडखळती चाल आणि अडखळतं बोलणं एवढ्यावर नशेत असल्याचं सिद्ध होत नाही असं म्हटलं होतं. तिथे मोजलेला आकडाच नव्हता. तुमच्याकडे तो छापील आहे.

म्हणून खरी लढत त्या छापील चिठ्ठीवरच आहे. तारखेआधी वकीलपत्र दाखल करून प्रकरणाच्या सगळ्या नकला घ्या आणि एकेक गोष्ट ताडून पाहा. चिठ्ठीवर तुमचं नाव, वाहन क्रमांक, तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक आहे का? यंत्राचं घड्याळ आणि पोलिसांच्या नोंदीतली वेळ जुळते का? फुंकण्याआधी यंत्र शून्य दाखवत होतं याची नोंद आहे का, नळी नवी लावली का? यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचं माप अचूक असल्याची ठरावीक मुदतीची तपासणी, त्या दिवशी मुदतीत होतं याचं प्रमाणपत्र मागवा. यंत्र रक्त मोजत नाही. ते श्वास मोजतं आणि ठरावीक गुणोत्तराने रक्तातला आकडा काढतं, त्यामुळे कॅलिब्रेशन चुकलं की आकडा चुकतो. ३० ची मर्यादा आणि ४१ यांत फार अंतर नाही, म्हणून तुमच्या बाबतीत हे प्रमाणपत्र जास्त महत्त्वाचं. आकडा १५० असता तर मी त्यामागे लागा असं म्हटलं नसतं.

यात खरी फट दिसली तर केस लढवा. सगळं चोख असेल तर गुन्हा कबूल करणं शहाणपणाचं, पण त्याची किंमत समजून घ्या. हा गुन्हा कलम २००च्या तडजोडीच्या यादीत नाही. त्यामुळे रस्त्यावर किंवा ऑनलाइन चलन भरून तो मिटत नाही, कोर्टातच उभं राहावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पूर्वी दंड ‘दोन हजारांपर्यंत’ होता, आता दहा हजारांची रक्कमच ठरलेली आहे. अपघात नाही, आधीचा गुन्हा नाही, विमा आणि पीयूसी चालू आहे, हे कागदांसह मांडून दंडावर भागवण्याची विनंती करा. मात्र निकाल न्यायाधीशांच्या हाती असतो. कबुलीने शिक्षा झाली की तुम्ही पहिला गुन्हा केलेले ठरता. दुसऱ्या वेळी १५,००० रुपये किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडला तरच ही वाढीव शिक्षा होती. २०१९ मध्ये ती अट निघाली, त्यामुळे दहा वर्षांनीही ही नोंद समोर येऊ शकते.

लायसन्सचं प्रकरण कोर्टापासून वेगळं, आरटीओत चालतं. पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता लागू शकते, पण त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. नोटीस आली की लेखी उत्तर द्या. आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं.

दुचाकी अजून पोलिसांकडे असेल तर आरसी, विमा आणि ओळखपत्र घेऊन अर्ज करा. पोलीस देत नसतील तर दंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, वाहन मागता येतं. न्यायला लायसन्स असलेला आणि न प्यायलेला माणूस पाठवा.

पासपोर्टसाठी एकट्या दंडाच्या शिक्षेने नकार मिळण्याचं कारण नाही. अडचण येते ती प्रकरण प्रलंबित असताना. फौजदारी न्यायालयात खटला चालू असेल तर तो अर्जात दाखवावा लागतो आणि २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्या न्यायालयाची परवानगी लागते. लपवलंत तर मूळ गुन्ह्यापेक्षा लपवणंच महाग पडेल. केस लढवायची ठरली आणि ती पुढच्या वर्षापर्यंत लांबणार असं दिसलं, तर परवानगीचा अर्ज नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी त्याच कोर्टात द्या. तारखेला मात्र गैरहजर राहू नका. वकील उभा असला तरी पहिल्या तारखेला स्वतः जा, नाहीतर साध्या समन्सचं वॉरंट व्हायला वेळ लागत नाही.