उन्हाळ्यात स्की जंपिंग शिकताय? आधी हे वाचा

स्की जंपिंग म्हणजे पायांना लांब पट्ट्या (स्की) बांधून उतारावरून घसरत येऊन टोकावरून लांब उडी मारायची. मित्रांबरोबर उन्हाळ्यातच सुरुवात करताय, हे फार चांगलं. बर्फाची वाट पाहायची गरज नाही. 1954 मध्ये पूर्व जर्मनीतल्या ओबरहोफमध्ये हान्स रेनर यांनी उतारावर प्लास्टिकच्या चटया अंथरल्या, तेव्हापासून हा खेळ बारमाही झाला. 1994 पासून तर उन्हाळी ग्रां प्री स्पर्धाही होतात.

पहिले काही दिवस टेकडीवर, म्हणजे उडीसाठी बांधलेल्या उतारावर, जाऊच नका. खाली मैदानात सराव करा: गुडघे वाकवून, छाती मांड्यांजवळ आणून बसायचं, पाठ सरळ ठेवायची आणि दोन्ही पायांनी एकदम पुढे-वर झेपावायचं. समोर उभ्या मित्राने तुम्हाला कमरेला धरून हवेत तोलायचं. खरा फायदा इथेच होतो, कारण उताराच्या टोकावरची खरी झेप निमिषात संपते आणि तिथे विचार करायला वेळच मिळत नाही. धरणारा मित्र मात्र ताकदीचा हवा, आणि प्रशिक्षकाने दाखवल्याशिवाय हे करू नका.

मग सगळ्यात लहान टेकडी. चटया ओल्या आहेत ना, हे उडी मारण्याआधी पाहा. कोरड्या चटईवर स्की अडखळते आणि माणूस तोंडावर पडतो. उन्हाळा असला तरी पूर्ण अंग झाकणारा पोशाख, हातमोजे आणि हेल्मेट हवंच. प्लास्टिकवर घासून कातडी सोलते. उतरताना एक पाय पुढे ठेवा. चटई संपून गवत लागलं की वेग एकदम कमी होतो, तिथे बेसावध राहू नका.

मित्र मोठ्या टेकडीवर गेला म्हणून लगेच मागे जाऊ नका, प्रशिक्षक सांगेल तेव्हाच जा.