टी-रेक्सला दरी कुठून मिळाली? – वाचकांचे सिनेमा-प्रश्न

प्रश्न : परवा मुलासोबत 'जुरासिक पार्क' परत बघितला. ती बकरी बांधलेली असते तिथली जमीन रस्त्याच्या लेव्हललाच दिसते, टी-रेक्स पण तिथूनच कुंपण तोडून आरामात चालत बाहेर येतो. मग पाच मिनिटांत त्याच बाजूला एवढी खोल दरी कुठून आली, जिच्यात गाडी ढकलली जाते? मुलाने विचारलं आणि माझी बोलती बंद. – एक बाबा, सांगली

उत्तर : पोरगं हुशार आहे तुमचं, कारण 1993 मध्ये आम्ही थिएटरात तोंडाचा आ वासून बसलो होतो आणि हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. फॅन लोकांचं म्हणणं असं की आत एका ठिकाणी उंचवटा आहे, बाकी सगळीकडे खंदक आहे आणि टी-रेक्स गाडी ढकलत ढकलत खंदकापर्यंत नेतो. असेलही बाबा, पण मी तो सीन मागेपुढे करून तीनदा बघितला, मला तरी तो खंदक आधी कुठल्या शॉटमध्ये दिसला नाही. खरं सांगायचं तर दिग्दर्शक स्पीलबर्गला आधी बकरी दिसायला हवी होती आणि नंतर माणसं केबलला लटकायला हवी होती, दोन्ही एका जागेत बसत नव्हतं, म्हणून त्याने सरळ जागाच बदलली. अंधार, पाऊस, गाडीच्या काचेवर दाबलं गेलेलं ते थोबाड, त्यात उंची मोजत कोण बसतंय. आणि शूटिंगवाल्यांचं टेन्शन वेगळंच होतं, सिनेमासाठी यांत्रिक प्राणी बनवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या टीमने बनवलेल्या खऱ्या साइझच्या टी-रेक्सची फोमची कातडी पावसात पाणी प्यायची, वजन वाढलं की तो थडथड कापायला लागायचा आणि मग दोन शॉटच्या मध्ये लोक त्याला टॉवेलने पुसत बसायचे!

प्रश्न : टी-रेक्स चालला की लांबवर ग्लासातलं पाणी हलतं. मग शेवटी तो हॉलमध्ये एवढा गुपचूप कसा घुसला? मांजर आहे का ते? – कॉलेजची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : माझ्या मते अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात मोठं भोक हेच. दरीचं निदान नकाशा काढून काहीतरी जमवता येतं, इथे सिनेमा स्वतः घालून दिलेला नियम स्वतःच मोडतो. ते पाण्याचे गोल तरंग आठवा (डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून ती छेडून काढलेत), तिथे आपल्याला शिकवलं की हा प्राणी येण्याआधी जमीन सांगते. आणि शेवटी? समोर दोन रॅप्टर (ते छोटे पण चपळ शिकारी डायनासोर), मधे चार माणसं, एक रॅप्टर उडी मारतो आणि थेट हवेतच टी-रेक्सच्या जबड्यात. तो कुठल्या दारातून आला, कधी आला, काही पत्ता नाही. हॉलचं बांधकाम चालू होतं, भिंत उघडी असेल, हे मान्य करू, पण आवाजाचं काय?
याचं कारण मात्र सापडतं. आधी ठरलेल्या शेवटात टी-रेक्स नव्हताच. शूटिंग चालू असताना स्पीलबर्गला वाटलं की खरा हिरो तर हाच आहे, याला परत आणला नाही तर पब्लिक नाराज होईल, आणि शेवट बदलला. उशिरा आलेल्या पाहुण्याला खिडकीतून आत घेतल्यासारखं झालं ते. पण ती एंट्री काढून टाका म्हटलं तर मीच पहिला भांडायला येईन.

प्रश्न : पार्कचा कॉम्प्युटरवाला नेड्री बंदरावरच्या माणसाशी कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करतो, ते खरंच लाइव्ह आहे का? – आयटीवाला, ठाणे

उत्तर : नाही हो. खिडकीच्या खालच्या पट्टीकडे बघा, प्लेअरचा ठिपका डावीकडून उजवीकडे सरकतोय. रेकॉर्ड केलेली फाइल चालू आहे.

प्रश्न : डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोर, हे कधी शक्य होईल का? – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सर, अवघड दिसतंय. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या हाडांवरून 2012 मध्ये हिशोब मांडला गेला, तिथे डीएनएचं अर्धं आयुष्य साधारण 521 वर्षं निघालं. म्हणजे दर 521 वर्षांनी उरलेल्यातले निम्मे दुवे तुटतात, आणि डायनासोर जाऊन झाली 6.6 कोटी वर्षं. ग्रीनलंडच्या मातीत सुमारे 20 लाख वर्षांपूर्वीचे डीएनएचे तुकडे मिळाले, तर तीच 2022 मधली मोठी बातमी होती.
पण मला जास्त मजा वाटते ती खाणीची. सिनेमात तो डासवाला अंबर (झाडाचा दगड झालेला डिंक) डोमिनिकन रिपब्लिकमधल्या खाणीत सापडतो, आणि तिथला अंबर जेमतेम दीड-दोन कोटी वर्षांचा. म्हणजे तो डास जन्मला तेव्हा टी-रेक्स जाऊन चार कोटींहून जास्त वर्षं झाली होती, चावणार कोणाला?

प्रश्न : नेड्री डायनासोरच्या भ्रूणांच्या ज्या नळ्या चोरतो त्यांच्यावरची नावं चुकलीत असं मैत्रीण म्हणते. खरं का? – नागपूर

उत्तर : खरं आहे. स्टेगोसॉरसचं 'स्टेगासॉरस' झालंय आणि टायरॅनोसॉरसच्या (म्हणजे आपल्या टी-रेक्सच्या) स्पेलिंगमधला एक एन गायब आहे. आणि पार्कचे मालक हॅमंड आजोबा उठता बसता सांगतात की खर्चाला कुठे हात आखडला नाही. लेबलं तपासायला एक माणूस ठेवला असता तर काय बिघडलं असतं!