वाचकांचे प्रश्न : पेटीतल्या छायाचित्रांतली माणसे कोण?

प्रश्न : माझे पणजोबा दर्यापूरकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजी होते आणि हंगामात गठाणींच्या हिशेबासाठी मुंबईच्या एका पेढीवर त्यांचे जाणे-येणे असे. धाब्याची जुनी खोली पाडताना त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दोन छायाचित्रे निघाली. पहिले जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले आहे. त्यात लांब अंगरखा व पागोटे घातलेले वृद्ध गृहस्थ, कोट-पाटलोणीतले दोन तरुण आणि खांद्याशी फुगलेल्या बाह्यांचा विलायती झगा घातलेली स्त्री आहे. पुठ्ठ्यावर राजा दीनदयाळ यांच्या मुंबईच्या स्टुडिओचे नाव छापलेले आहे. दुसरे पोस्टकार्ड असून त्यावर तुर्की टोपी घातलेला पुरुष, त्याची पत्नी व लहान मूल दिसते. मागे न कळणाऱ्या लिपीत काही ओळी आहेत. दोन्ही छायाचित्रे डेव्हिड ससून यांच्या घराण्याची आहेत, असे आमच्याकडे सांगत आले. दोन्हींच्या दोन्ही बाजूंच्या प्रती सोबत पाठवत आहे. — एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : घरातली सांगोवांगी टाकून देऊ नये, पण ती सर्वांत शेवटी तपासावी. आधी पुठ्ठा, मग छाप, मग पोशाख आणि त्यानंतर नाव, असा क्रम ठेवल्यास फसगत कमी होते.

यहुदी व्यापारी डेव्हिड ससून बगदादहून येऊन १८३०च्या दशकात मुंबईत स्थिरावले आणि १८६४ साली पुण्यात वारले. राजा दीनदयाळ यांचा मुंबईतील स्टुडिओ मात्र १८९६ साली सुरू झाला. त्यामुळे आपल्या पहिल्या छायाचित्रातील वृद्ध गृहस्थ ते नव्हेत. जुन्या छायाचित्राची नवी प्रत काढून ती नव्या पुठ्ठ्यावर चिकटवण्याची पद्धत होती, आणि डेव्हिड ससून तीन मुलांसह असलेले एक छायाचित्र प्रसिद्धही आहे, तेव्हा ही शंका घेणे रास्त आहे. परंतु आपल्या छायाचित्रातील स्त्रीच्या बाह्या ती शंका फेडतात. खांद्याशी फुग्यासारख्या फुगणाऱ्या आणि कोपरापासून घट्ट होणाऱ्या बाह्यांची फॅशन युरोपात १८९५-९६च्या सुमारास कळसाला पोहोचली व पुढील दोन-तीन वर्षांत ओसरली. मुंबईत ती थोडी उशिरापर्यंत टिकली असे धरले, तरी हे छायाचित्र १८९६ ते १९००च्या आसपासचे ठरते. पुठ्ठा पट्टीने मोजून पाहावा. तो सुमारे १६.५ बाय १०.८ सेंटिमीटर भरला, तर १८६६ पासून रूढ झालेला ‘कॅबिनेट’ आकार तो हाच.

वृद्धाचा पोशाख पाहून काळ ठरवण्याचा मोह टाळावा. मुंबईच्या बगदादी यहुद्यांत पहिली पिढी बगदादचाच पेहराव करी आणि मुले-नातू कोट-पाटलोण घालू लागले, त्यामुळे एकाच चौकटीत दोन काळ दिसतात. म्हातारी माणसे तरुणपणीचाच पोशाख पुढे चालवतात. काळ ठरवायचा तो चित्रातल्या सर्वांत नव्या वस्तूवरून. हे कुटुंब बगदादी असावे, हा आपला अंदाज मात्र पटण्यासारखा आहे, कारण मुंबईच्या कापूस व गिरणी व्यवसायात या समाजाच्या पेढ्या होत्याच.

पोस्टकार्डाची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि मला विचाराल तर अधिक रंजक. मागच्या बाजूस तिकिटाच्या चौकोनाभोवती ए, झेड, ओ ही इंग्रजी अक्षरे आणि चारही टोके वर असलेले चार त्रिकोण आहेत. हा अमेरिकी छायाचित्र-कागदाचा छाप असून चारही त्रिकोण वर असलेला प्रकार साधारण १९०४ ते १९१८ या काळातला मानतात; पुढे दोन त्रिकोण वर व दोन खाली असा छाप आला. मजकूर आणि पत्ता वेगळे करणारी मधली उभी रेघ अमेरिकी पोस्टकार्डांवर मार्च १९०७ पासून आली. म्हणजे मर्यादा १९०७ ते १९१८.

आता लिपी. ओळी उजवीकडून डावीकडे जातात आणि अक्षरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोलित्रेओ, म्हणजे सेफार्दी यहुद्यांची हस्तलेखनाची लिपी, दिसते. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले सेफार्दी यहुदी तुर्की साम्राज्यात सलोनिका, इझमिर, इस्तंबूल, ऱ्होड्स येथे वसले. त्यांची लाडिनो भाषा स्पॅनिश वळणाची, पण हाताने लिहायची लिपी हिब्रू वळणाची. देवनागरी येणाऱ्यास जशी मोडी लागत नाही, तशी छापील हिब्रू वाचणाऱ्यासही ही लिपी सहसा लागत नाही. शेवटी तीन अक्षरे आहेत व त्यांतील शेवटच्या दोहोंमध्ये दोन बारीक रेघा आहेत. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते, आणि ते यहुदी वर्ष असते (हजारांचा आकडा सोडून). आपल्या प्रतीत ताव, रेश, आयिन अशी अक्षरे दिसतात, म्हणजे ४०० अधिक २०० अधिक ७०, एकूण ६७०. शकात ७८ मिळवतो, तसे येथे १२४० मिळवावे : १९१० हे साल येते. यहुदी वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने मजकुरात तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव महिना निघाला, तर बहुधा १९०९ धरावे लागेल. तुर्कस्तानात १९०९ साली बिगरमुस्लिमांनाही लष्करी सेवा सक्तीची झाली आणि बरीच सेफार्दी कुटुंबे न्यूयॉर्क, सिएटलकडे निघाली. १९२४च्या अमेरिकी कायद्याने ती वाट जवळपास बंद झाली. आपले साल या काळात नेमके बसते.

तुर्की टोपीवरून मात्र धर्म ओळखू नये. मुसलमान, आर्मेनियन, ग्रीक, यहुदी सारेच ती घालत. तुर्कस्तानात तिच्यावर बंदी आली ती १९२५ साली.

हे कुटुंब ससूनांचे नव्हे आणि पहिल्या छायाचित्रातलेही नव्हे. पोस्टकार्ड दर्यापूरला कसे आले, याचा माग पणजोबांच्या वह्यांत आणि मुंबईच्या पेढीच्या पत्रांत शोधावा. मजकूर वाचून घेण्यासाठी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील सेफार्दी अभ्यास विभागाला मागील बाजूची स्वच्छ स्कॅन प्रत पाठवावी. लाडिनो कागदपत्रांचा मोठा डिजिटल संग्रह तेथे आहे. तोवर छायाचित्रे डांबरगोळ्यांच्या पेटीत ठेवू नयेत, लॅमिनेशन तर मुळीच करू नये.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या स्नेह्यांचे, रेल्वेतील एका ज्यू कुटुंबाचे छायाचित्र आहे. स्त्रिया नऊवारीत असून मागे मराठीत नावे लिहिली आहेत. हेही सेफार्दी का? — एक वाचक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : नव्हेत. नऊवारी आणि मराठी अक्षर पाहता हे कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, असावेत. या समाजातील पुष्कळ मंडळी रेल्वेत व सरकारी नोकरीत होती. आडनाव ‘कर’ने संपत असेल, तर ते बहुधा रायगड जिल्ह्यातील मूळ गावावरून पडलेले असते, जसे पेणकर किंवा रोहेकर. आपण नावे तेवढी उतरवून पाठवा, आडनावावरून गाव सांगता येईल.